विश्लेषण : ‘नैसर्गिक’ चमकेमागचे कागदाबाहेरचे मजूर

पापण्यांवर लावायच्या रंगाच्या डबीच्या मागे, अत्यंत बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांच्या यादीत ‘मायका’ हा शब्द बहुधा सापडतो. कधी त्याच्या जागी नुसता ‘सीआय ७७०१९’ असा क्रमांक असतो. लिपस्टिक, गालांवरचा हायलायटर, नखांचे रंग, त्वचेला ‘तेज’ देणारी मलमे, इतकेच काय, काही टूथपेस्टमध्येही हा घटक वापरला जातो. मायका म्हणजे अभ्रक. ते जमिनीतून निघते, प्रयोगशाळेत तयार होत नाही आणि प्लास्टिकही नाही. म्हणून डबीच्या दर्शनी बाजूला ‘नैसर्गिक’ किंवा ‘खनिजजन्य’ असे ठळक अक्षरांत लिहिण्यास कोणाची हरकत नसते. त्या शब्दात खोटे काही नाही. मात्र हे खनिज जमिनीतून कोणी काढले, याचे उत्तर त्यात नाही. ते शोधत गेल्यास वाट झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या जिल्ह्यांतील जंगलांत पोहोचते. तिथे हे काम करणारी माणसे सरकारी दप्तरात खाण कामगार म्हणून अस्तित्वातच नाहीत.

सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगातील बालमजुरीवर गेल्या दशकभरात देशात आणि परदेशात बरेच लिहिले गेले. मुलांचा प्रश्न खरा आहे आणि गंभीरही. परंतु त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट तुलनेने कमी चर्चिली गेली. अभ्रक वेचणाऱ्यांचे श्रम नजरेआड राहतात ते दुर्लक्षामुळे नव्हे. ज्या कायदेशीर व्यवस्थेत हा व्यवहार चालतो, ती व्यवस्थाच ते श्रम कागदाबाहेर ठेवते. आणि कागदावर नसलेल्या श्रमाचा भाव ठरवण्याचा अधिकार केवळ खरेदीदाराच्या हाती उरतो.

अभ्रकाला एवढी मागणी का, हे समजण्यासाठी त्याची घडण पाहावी लागते. हे खनिज कागदाच्या थप्पीसारखे असते. नखाने सोलले तरी त्याचे पारदर्शक पापुद्रे सुटतात. ते पापुद्रे दळून अतिसूक्ष्म चकत्या केल्या जातात आणि त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढवला जातो. प्रकाश या थरांवरून परावर्तित होताना मोत्यासारखी झाक उमटते. थराची जाडी थोडी कमी-अधिक केली की तीच चकती रुपेरी, सोनेरी, निळसर किंवा तांबूस दिसते. मोटारींच्या धातुरंगी लेपातही हेच तंत्र वापरले जाते. अभ्रकाच्या एकूण वापरात रंग, विद्युत उपकरणे, बांधकाम साहित्य आणि मोटार उद्योग यांचा वाटा मोठा आहे; सौंदर्यप्रसाधने हा त्या बाजारपेठेचा एक भाग. परंतु ‘नैसर्गिक’ या शब्दाची किंमत ग्राहकाकडून वसूल करणारा उद्योग मुख्यतः हाच.

युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. समुद्रात आणि मातीत साचणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकच्या विरोधातील ते पाऊल योग्यच होते. त्याचबरोबर प्लास्टिकला पर्याय शोधणाऱ्या कंपन्यांच्या दृष्टीने खनिज चमकीचे आकर्षण वाढले. पर्यावरणाच्या बाजूने घेतलेला निर्णय मजुरांच्या प्रश्नाला आपोआप स्पर्श करतो असे नाही. कधी तो त्यांच्यावरचा भारच वाढवतो.

मराठी घरांत अभ्रक अनोळखी नाही. आयुर्वेदातील अभ्रकभस्म अनेकांना ठाऊक आहे. जुन्या विजेच्या इस्त्रीत तार ज्या चकचकीत पत्र्यावर गुंडाळलेली असे, तो पत्रा अभ्रकाचाच. वीज अडवणारे आणि उष्णता सोसणारे हे खनिज वीजयुगाच्या आरंभी मौल्यवान ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छोटा नागपूरच्या उत्तर टोकाला रेल्वेमार्ग टाकला जाऊ लागला आणि तेथील अभ्रकाचे महत्त्व व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. कोडरमा आणि हजारीबागच्या परिसरातील माणकासारखी तांबूस झाक असलेले अभ्रक जगात उत्तम मानले जाई. दुसऱ्या महायुद्धात रेडिओ, रडार आणि विमानांच्या इंजिनांसाठी त्याची इतकी निकड भासली की पुरवठा सुरळीत राहावा म्हणून ब्रिटन आणि अमेरिकेने भारतात संयुक्त यंत्रणा उभारली होती.

या वैभवाचे केंद्र होते झुमरी तिलैया. विविध भारती आणि रेडिओ सिलोनवर गाण्यांची फर्माईश करणाऱ्यांच्या यादीत अढळ स्थान मिळवलेले हे नाव देशभरच्या श्रोत्यांच्या कानावर आहे. असे गाव खरोखर आहे की निवेदकांची ती कल्पना आहे, असा प्रश्न पडणारेही होते. गाव खरे आहे. कोडरमा नावाचे रेल्वेस्थानक याच गावात आहे. पत्रांवर पत्रे धाडण्याइतकी फुरसत आणि ऐपत असलेल्या त्या शहराची समृद्धी उभी राहिली ती अभ्रकावर. व्यापाऱ्यांच्या हवेल्या, मोटारी, कारखाने आणि त्या कारखान्यांत कोयत्याने अभ्रकाच्या कडा छाटणाऱ्या, पापुद्रे सोलणाऱ्या बायका असे ते जग होते. त्या जगात शोषण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिथल्या मजुराला हजेरी होती, खाणीला मालक होता आणि अपघात झाल्यास निरीक्षकापुढे जाणारी एक फाईल होती. अभ्रक खाण कामगारांच्या कल्याणासाठी स्वतंत्र निधी उभारणारा कायदा १९४६ मध्येच झाला होता. निर्यातीवरील उपकरातून त्या निधीत पैसे येत आणि त्यातून दवाखाने व शाळा चालवल्या जात.

ही घडी विस्कटली ती एकामागोमाग बसलेल्या धक्क्यांनी. व्हॉल्व्हच्या रेडिओची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि अभ्रकाला कृत्रिम पर्याय आले. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमिनीचा अन्य कामासाठी वापर करण्यास केंद्राची पूर्वमंजुरी अनिवार्य झाली. अभ्रकाचा बहुतेक पट्टा राखीव जंगलात असल्याने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण अडले. सोव्हिएत संघ हा मोठा खरेदीदार १९९१ मध्ये नकाशावरूनच नाहीसा झाला. खाणी एकेक करून बंद पडल्या, कारखान्यांना कुलपे लागली आणि व्यापारी घराण्यांनी भांडवल दुसरीकडे वळवले. मजूर मात्र तिथेच राहिले. कोरडवाहू, खडकाळ जमीन, पावसावरचे एकच पीक आणि आसपास दुसरा उद्योग नाही, अशा स्थितीत बंद खाणींच्या तोंडाशी दशकानुदशके साचलेल्या ढिगाऱ्यांकडे त्यांची नजर वळली. एकेकाळी टाकाऊ ठरवून फेकलेल्या या बारीक, तुटक्या अभ्रकाला तिथे ‘ढिबरा’ म्हणतात. विद्युत उपकरणांना मोठे, सलग पत्रे लागत. रंगद्रव्याला मात्र चुराच हवा असतो. जुन्या उद्योगाचा कचरा अशा रीतीने नव्या उद्योगाचा कच्चा माल झाला.

ढिबरा वेचण्याचे काम वरवर पाहता साधे दिसते. टिकाव, छिन्नी, हातोडी, घमेले आणि चाळणी, एवढीच अवजारे. पहाटे घरातली माणसे जंगलाची वाट धरतात. पुरुष किंवा वयात आलेले मुलगे खणतात. बायका आणि लहान मुले माती चाळून, दगड फोडून चमकणारे तुकडे वेगळे करतात. परंतु वरचे ढिगारे किती काळ पुरणार? ते उपसून झाले की माणसे उंदराच्या बिळासारखी भुयारे खणत आत शिरतात. त्यांना लाकडाचा टेकू नसतो, हवेची सोय नसते. पावसाने भिजलेली माती केव्हा बसेल याचा भरवसा नसतो. अभ्रकाच्या जोडीला गारगोटीचा दगड असतो. तो फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होण्याचा धोका असतो. गावपातळीवर या विकाराचे निदान अनेकदा क्षयरोग असेच होते. क्षयरोगाचे औषध घेऊन खोकला जात नाही आणि मजुरीशी त्याचा संबंध कोणत्याही कागदावर नोंदला जात नाही.

दिवसभराचा माल गावातल्या किंवा जवळच्या बाजारातल्या छोट्या व्यापाऱ्याकडे जातो. वजन तो करतो, प्रत तो ठरवतो आणि भावही तोच सांगतो. हा भाव किलोला काही रुपये इतकाच असतो. अनेक ठिकाणी या व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली असते. लग्न, आजारपण किंवा पेरणीसाठी घेतलेली ती रक्कम मालातून फेडायची असते. त्यामुळे भाव पटला नाही म्हणून माल दुसरीकडे नेण्याचा मार्गही बंद होतो. पुढे हा माल मोठ्या गोदामांत येतो. तिथे वेगवेगळ्या जंगलांतला, वेगवेगळ्या हातांनी वेचलेला ढिबरा एकत्र मिसळला जातो. त्यानंतर तो दळणाऱ्या कारखान्यांत आणि निर्यातदारांकडे जातो, कोलकात्याच्या बंदरातून मुख्यतः चीनकडे आणि काही प्रमाणात युरोप व इतरत्र रवाना होतो. रंगद्रव्य तयार करणारी कंपनी वेगळी, ते विकत घेऊन प्रसाधन बनवणारी वेगळी आणि त्यावर आपले नाव छापणारी आणखी वेगळी. काही रुपये किलोचा चुरा ग्रॅमच्या हिशेबाने विकला जाईपर्यंत त्याच्या मूळ गावाचा माग पूर्णपणे पुसला जातो.

हा माग पुसला जाण्याची नेमकी जागा म्हणजे गोदाम. तिथवर कागद नाही. तिथून पुढे पावत्या, देयके, निर्यातीची प्रमाणपत्रे असे सारे काही रीतसर आहे. २०१३-१४ या वर्षातील सरकारी आकडे या दृष्टीने बोलके आहेत. त्या वर्षी देशात अधिकृतपणे सुमारे १९ हजार टन अभ्रकाचे उत्पादन झाल्याची नोंद आहे, तर निर्यात सुमारे १ लाख २८ हजार टनांची. दोन्ही आकडे सरकारी नोंदींतलेच. हा फरक जुन्या ढिगाऱ्यांतून वैधरीत्या मिळवलेल्या मालाचा आहे, असे निर्यातदारांचे म्हणणे असते. त्यात काही अंशी तथ्य असेलही. परंतु ढिगारे राखीव जंगलात असतील तर त्यांतला माल वेचणेही परवानगीविना चालत नाही. म्हणजे देश दरवर्षी एक वस्तू उघडपणे बंदरातून पाठवतो, तिच्यावर परकी चलन मिळवतो आणि ती वस्तू जमिनीतून काढणारी माणसे मात्र अस्तित्वात नाहीत असे मानतो.

या मान्यतेची सर्वांत मोठी किंमत अपघाताच्या वेळी मोजली जाते. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात अवघ्या दोन महिन्यांत सात मुलांचा अभ्रकाच्या बेकायदा खाणींत मृत्यू झाल्याचे आणि हे मृत्यू दडपले गेल्याचे समोर आले होते. त्या वृत्ताने जगभर खळबळ उडाली. दडपण्याची रीत मात्र तिथे कोणाला नवी नव्हती. भुयार कोसळून कोणी गेले की पोलिसांत तक्रार देणे म्हणजे आपणच बेकायदा खाणकाम करत होतो, अशी कबुली देणे. गावाची रोजीरोटी त्या जंगलावर असते, त्यामुळे शेजाऱ्यांचाही दबाव येतो. व्यापाऱ्याकडून काही रक्कम हातावर ठेवली जाते आणि अंत्यविधी उरकले जातात. खाण कायद्यानुसार नोंदवलेल्या खाणीतील मृत्यूची चौकशी होते, भरपाई ठरते. इथे खाण नाही, मालक नाही, म्हणून अपघातही नाही.

त्याच वर्षी नेदरलँड्समधील सोमो या संशोधन संस्थेने आणि तेर दे जोम या बालहक्क संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात झारखंड व बिहारमधील अभ्रक क्षेत्रात २२ हजारांपर्यंत मुले काम करत असावीत, असा अंदाज वर्तवला होता. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने त्यानंतर केलेल्या सर्वेक्षणात वेगळा प्रश्न विचारला गेला : किती मुले शाळेत जात नाहीत? २०१९ मध्ये समोर आलेल्या निष्कर्षांनुसार झारखंडच्या अभ्रक पट्ट्यात ६ ते १४ वयोगटातील ४ हजार ५४५ मुले शाळाबाह्य होती. त्यामागच्या कारणांत शिक्षणाविषयीची अनास्था आणि ढिबरा वेचण्याचे काम या दोन्हींचा उल्लेख होता. या दोन आकड्यांची तुलना करून एक खरा आणि दुसरा खोटा ठरवण्याचा मोह टाळायला हवा. शाळेच्या पटावर नाव असलेले मूल सकाळी पोषण आहारापर्यंत थांबून दुपारी जंगलात जाऊ शकते, आणि सुगीचा महिना सोडला तर वर्षभर हजर असलेले मूल नेमके त्या महिन्यात खणत असते. पहिल्या आकड्यात ते येते, दुसऱ्यात येत नाही.

मूल कामावर का जाते, याचा हिशेब मात्र सरळ आहे. मजुरी दिवसावर नाही, वजनावर मिळते. वजनावर पैसे मिळतात तिथे कुटुंबातील प्रत्येक हाताचे मोल असते, आणि बारीक तुकडे वेचायला छोटी बोटे अधिक चपळ ठरतात. आई-वडिलांच्या दोघांच्या श्रमांतून घर चालेल एवढा भाव मिळत असता, तर मुलाच्या घमेल्यातल्या चार किलोंची गरज पडली नसती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा १४ वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास मनाई करतो आणि १८ वर्षांपर्यंत खाणींसह धोकादायक कामांना बंदी घालतो. याच कायद्यात कुटुंबाच्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर हातभार लावण्याची मुभा आहे. ती धोकादायक कामांना लागू नाही. परंतु ज्या खाणीचे अस्तित्वच अमान्य आहे, तिथे धोकादायक काम चालते हे सिद्ध कोणी करायचे? निरीक्षक जाईल तो नोंद असलेल्या खाणीत.

जागतिक कंपन्यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिले उत्तर, तिथेच राहून सुधारणा करण्याचे. लोरियाल, एस्टी लॉडर, मर्क यांसारख्या कंपन्यांच्या सहभागातून २०१७ मध्ये पॅरिस येथे ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी राहिली. पाच वर्षांत अभ्रकाच्या साखळीतून बालमजुरी हद्दपार करण्याचे तिचे आरंभीचे उद्दिष्ट होते. ते गाठले गेले नाही आणि मुदत २०३० पर्यंत वाढवण्यात आली. संस्थेने गावांत शाळा, आरोग्य आणि पर्यायी उपजीविकेची कामे केली, कारखान्यांसाठी मानके तयार केली. त्याआधीपासून नोबेल पारितोषिक विजेते कैलाश सत्यार्थी यांच्या संघटनेने या पट्ट्यात ‘बाल मित्र ग्राम’ उभारून मुलांना शाळेत आणण्याचे काम चालवले आहे. या प्रयत्नांनी अनेक गावांतील मुले वर्गात बसली, हे नाकारता येणार नाही. मर्यादा आहे ती तपासणीची. लेखापरीक्षक कारखान्यात आणि गोदामात जातो; त्याला तिथे मुले आढळत नाहीत, कारण मुले तिथे नसतातच. जंगलातल्या ज्या खड्ड्यावर ती असतात, त्याचा पत्ता कोणत्याच नोंदवहीत नाही.

दुसरे उत्तर, बाहेर पडण्याचे. ब्रिटनमधील लश या कंपनीने नैसर्गिक अभ्रक सोडून कृत्रिम अभ्रकाकडे वळण्याचा निर्णय घेतला. कृत्रिम अभ्रक भट्टीत तयार होते, अधिक शुद्ध असते आणि त्याची चमकही अधिक एकसारखी. इतर काही कंपन्यांनीही हा मार्ग स्वीकारला. यातला विरोधाभास लक्षणीय आहे. स्वतःला निसर्गाशी जोडून घेणाऱ्या उद्योगाला निर्दोष राहण्यासाठी नैसर्गिक पदार्थ सोडून प्रयोगशाळेत जावे लागले. ग्राहकाच्या मनाचे समाधान झाले. गिरिडीहच्या तिसरी किंवा गावाँ प्रखंडातील कुटुंबाच्या हाती मात्र त्यातून काहीच आले नाही; एक खरेदीदार कमी झाला, एवढेच. मागणी घटली तर भाव आणखी पडतो, आणि भाव पडला की तेवढ्याच पैशांसाठी अधिक किलो वेचावे लागतात. शिवाय अभ्रकाची साखळी एका देशापुरती नाही. मादागास्करच्या दक्षिण भागातील अभ्रकातही हजारो मुले राबत असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. तिथला माल बहुतांशी विद्युत आणि मोटार उद्योगासाठी जातो. अमेरिकेच्या श्रम खात्याने बालमजुरीतून तयार होणाऱ्या वस्तूंच्या यादीत भारत आणि मादागास्कर या दोन्ही देशांच्या अभ्रकाचा समावेश केला आहे.

या दोन्ही उत्तरांत कंपन्यांच्या हाताबाहेरचा एक भाग आहे, आणि तो सरकारच्या अखत्यारीतला. अभ्रकपट्ट्यातील बाई चैत्राच्या तोंडावर जंगलात मोहाची फुले वेचते तेव्हा ती कायद्याच्या कक्षेत असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींचा हक्क मान्य केला; २०१३-१४ पासून अशा उपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजनाही आहे. तीच बाई त्याच जंगलात, त्याच टोपलीत ढिबरा गोळा करते तेव्हा ती गुन्हेगार ठरते. कारण वनहक्क कायद्याच्या व्याख्येत गौण वनोपज म्हणजे केवळ वनस्पतिजन्य वस्तू. खनिज त्यात येत नाही. महाराष्ट्रातील वाचकांना गडचिरोलीचा अनुभव परिचित आहे. तेथील ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपानाची विक्री स्वतःच्या हाती घेतल्यावर कंत्राटदाराने सांगितलेला भाव निमूटपणे घेण्याची वेळ टळली. तो बदल शक्य झाला, कारण हक्क आधी कागदावर आला. कोडरमा आणि गिरिडीह हे जिल्हे तर पाचव्या अनुसूचीतही नाहीत. त्यामुळे पेसा कायद्याने ग्रामसभांना गौण खनिजांबाबत दिलेला सल्ल्याचा अधिकारही तिथे लागू होत नाही.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये अभ्रकासह ३१ खनिजांचा गौण खनिजांत समावेश केला आणि नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे आला. दर वेळी निवडणुकीच्या प्रचारात कोडरमा परिसरात ढिबऱ्याचा प्रश्न निघतो. वेचणाऱ्यांवरील कारवाई थांबवा, या मागणीसाठी मोर्चेही निघाले आहेत. झारखंड सरकारने २०२२ मध्ये वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्था आणि राज्य खनिज विकास महामंडळ यांच्या माध्यमातून ढिबऱ्याच्या खरेदी-विक्रीला वैध मार्ग देण्याचे पाऊल उचलले. दिशा योग्य आहे. ती पुरेशी ठरण्यासाठी मात्र तीन अडथळे ओलांडावे लागतील आणि ते तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. वनजमिनीवरील ढिगाऱ्यांना केंद्राची मंजुरी लागते. ती मिळाली नाही तर वैध मार्ग केवळ जंगलाबाहेरच्या थोड्या मालापुरता उरतो. सहकारी संस्था खरोखर वेचणाऱ्यांची आहे की जुन्या व्यापाऱ्याने नव्या नावाने काढलेली, हे तपासावे लागेल. आणि महामंडळाने पैसे देण्यास महिना लावला, तर संध्याकाळी रोख मोजणारा दलालच जिंकणार. सहकाराचा इतिहास जाणणाऱ्या महाराष्ट्राला या शेवटच्या मुद्द्याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

वैधतेला होणारा विरोधही गैरलागू नाही. जंगलाला वैध खाणकामाची दारे खुली केली तर यंत्रे येतील, मोठे भांडवल येईल आणि वेचणारे बाजूला फेकले जातील, ही भीती रास्त आहे. कोडरम्याच्या जंगलाचा काही भाग वन्यजीव अभयारण्य आहे. मात्र खाणकाम बंद असल्याने जंगल सुरक्षित आहे, हा समज भुयारांनी पोखरलेल्या टेकड्या पाहता टिकत नाही. शिवाय ज्या मालावर स्वामित्वधनच भरले जात नाही, त्यातून जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधीतही काही जमा होत नाही. खाणबाधित गावांच्या आरोग्य आणि शिक्षणासाठी उभारलेला हा निधी, ज्या गावांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्याच खनिजापासून वंचित राहतो. १९४६ च्या कायद्याने जे हेरले होते, त्याच्याही मागे आज हा पट्टा उभा आहे.

राहिला प्रश्न डबीवरच्या शब्दाचा. सौंदर्यप्रसाधनांतील नैसर्गिक घटकांची व्याख्या करणारे आयएसओ १६१२८ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१६ आणि २०१७ मध्ये दोन भागांत आले. वनस्पतिजन्य, खनिजजन्य घटक कोणते आणि उत्पादनात त्यांचे प्रमाण कसे मोजायचे, हे त्यात तपशिलाने दिले आहे. न्याय्य व्यापारासारखे सामाजिक-आर्थिक मुद्दे आपल्या कक्षेबाहेर आहेत, असेही त्यातच नमूद आहे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आपले उत्पादन पर्यावरणस्नेही असल्याचा दावा करणाऱ्या कंपनीला आता पुरावा द्यावा लागेल. तो पुरावा पर्यावरणाचा. मजुराविषयी काही सांगण्याचे बंधन त्यात नाही. प्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर घटकांची नावे येतात, त्यांचे मूळ ठिकाण येत नाही. रसायनाच्या दृष्टीने निर्मळ असलेली वस्तू श्रमाच्या दृष्टीने कशी आहे, हे विचारण्याची सोयच या व्यवस्थेत ठेवलेली नाही.

त्यातल्या त्यात दबाव येण्याची शक्यता आहे ती बाहेरून. सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या वस्तूंना बाजारात मज्जाव करणारा युरोपीय संघाचा २०२४ चा नियम १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार असून सक्तीने करून घेतलेली बालमजुरीही त्याच्या कक्षेत येते. कंपन्यांनी संपूर्ण पुरवठा साखळीची जबाबदारी घ्यावी, यासाठीचा वेगळा निर्देश मात्र २०२५ मध्ये बराच सौम्य करण्यात आला. भारतीय निर्यातदारांकडे येत्या काळात मालाच्या उगमाचे पुरावे मागितले जातील, हे निश्चित. असा पुरावा गोदामात तयार करता येत नाही. अमुक गावातील अमुक संस्थेने, अमुक परवान्यानुसार, अमुक दिवशी इतका ढिबरा वेचला आणि त्याचे इतके पैसे दिले गेले, अशी नोंद जंगलाच्या कडेला वजनकाट्याजवळच व्हावी लागेल. ती तिथे झाली नाही, तर युरोपातील खरेदीदार कृत्रिम अभ्रकाकडे वळेल आणि ढिबरा कागद न मागणाऱ्या बाजारपेठांकडे, आणखी पडत्या भावाने जाईल. त्या बाजारपेठांत भारताची स्वतःची, झपाट्याने वाढणारी सौंदर्यप्रसाधनांची बाजारपेठही आहे.